साडूंनी जोडलेलं पान

जालना जिल्ह्यात माझं नुकसान करू पाहणारे पुष्कळ झाले, पण ते जमलं एकालाच, आणि तो माणूस माझा सख्खा साडू निघाला. तेही त्यांनी एक पैसा न घेता केलं. मी वाटूर फाट्यावर एसटीच्या खिडक्यांखाली मोसंबीची पाटी घेऊन पळत मोठा झालो. आज माझ्या मालाच्या गाड्या दिल्लीपर्यंत जातात. एवढ्या वर्षांत मी एकच गोष्ट जिवापाड सांभाळली. दिल्लीचा आजचा भाव मला ठाऊक असायचा आणि समोरच्याला नसायचा. गोदाम, गाड्या, माणसं कुणालाही मिळतात. माझा धंदा त्या एवढ्याशा अंधारावर उभा होता आणि साडूबुवांनी नेमका तिथंच दिवा नेऊन ठेवला.

हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे यजमान. बँकेत कारकुनी करून रिटायर झालेले, आमच्या पलीकडच्या गल्लीत राहणारे. कुठलीही वस्तू वेगळी, एकटी पडलेली त्यांना बघवत नसे. लग्नाच्या पंगतीत वरण, भाजी, कोशिंबीर आणि जिलेबी ते एकाच भातात कालवत. लोक तोंड फिरवत, तर म्हणत, "पोटात गेल्यावर भेटणारच हायेत, मंग दारातच भेटू द्या की." एकदा त्यांनी घरच्या नळाला काहीतरी तार लावून ती दाराच्या बेलला जोडली. नळाला पाणी आलं की बेल वाजायची. आमच्या जालन्यात नळ कधी येईल याचा नेम नसतो, त्यामुळे बेल वाजली की अक्का दाराकडे यायचं सोडून हंडे घेऊन मोरीकडे पळायच्या आणि आलेला पाहुणा उन्हात उभा. मी स्वतः उभा राहिलेलो आहे. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "कोण हाय?" मी म्हटलं, "मी हाय, अक्का." आत हंडा आदळला, मग अगदी पडलेल्या आवाजात, "म्हणजे पाणी न्हाई आलं."

रिटायर झाल्यावर ते दिवसभर माझ्या पेढीच्या गादीवर येऊन बसू लागले. माझं काम तेव्हा ओरडण्यावर चाले. एका फोनवर दिल्लीचा अडत्या, दुसऱ्यावर ड्रायव्हर, तिसऱ्यावर बागांचे फोटो, आणि पावसाचं विचारायला मेहुण्याचा मेहुणा. साडूबुवा ऐकत बसायचे. एक दिवस म्हणाले, "पाव्हणं, चार ठिकाणी वरडून राह्यले तुम्ही. एका जागी वरडा, घसा वाचंल." आणि कामाला लागले. कसला कोर्स नाही, काही नाही. इंटरनेटवर फुकट मिळणारे तुकडे त्यांनी गोळा केले. कुणाचा नकाशा, कुणाचं हवामान, कुणाचे बाजारभाव, त्यात आमचे व्हॉट्सअॅपचे फोटो. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवावी तसं सगळं शिवून त्यांनी एक पान तयार केलं. नकाशातल्या बागेवर बोट ठेवलं की फळाचा फोटो दिसायचा, तिथं पाऊस कधी आहे ते दिसायचं, जवळ कुठली गाडी रिकामी आहे ते दिसायचं, आणि खाली एका चौकटीत दिल्लीचा भाव. त्याआधी मी एका कंपनीकडून चांगलं महागडं सॉफ्टवेअर घेतलं होतं. आमच्या मुनीमजींनी त्या कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवला होता, जशी काही पाल आत शिरली असावी. हे पान मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःहून उघडलं. मग ट्रान्सपोर्टवाल्यानं मागितलं, मग क्रेटवाल्यानं. बघता बघता माझा सगळा धंदा त्या पानावर चालायला लागला. कुठल्या बागेचं फळ कधी उतरतं, हे मी डोक्यात ठेवायचं सोडून दिलं.

एकच गोष्ट मी त्यांना बजावली होती. हे बाहेर कुणाला द्यायचं नाही.

आमच्याकडं मी अजून जुन्या रीतीनं बागेतलं फळ घेतो. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, आत बोटं दाबून भाव करायचा, बघणाऱ्याला काही कळत नाही. वडीगोद्रीजवळ एका लांबच्या सोयऱ्याच्या बागेत मी असाच रुमाल टाकला, दोन बोटं दाबली, आणि त्या माणसानं हात हळूच काढून घेतला.

"दाजी, रुमाल घडी करून ठिवा," तो म्हणाला. "पानावर भाव हाय की."

त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. माझंच पान. मी गाडी तशीच साडूंच्या दारात आणली. बेल वाजवली नाही, दार लाथेनं उघडलं.

"साडूबुवा, पान बाहेर दिलं तुम्ही?"

"बाहेर कुठं? आपल्या सोयऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं. घरातल्यालाच तर दिलं."

"मी ज्यांचा माल घेतो ते सगळे घरातलेच हायेत!"

 खरोखर न कळल्यासारखं त्यांनी विचारलं, "मंग त्यांच्यापासून काय लपवून राह्यले?"

मी स्टूल उलथवून निघून आलो. त्यानंतर आमचं बोलणं बंद.

पुढं पान आपोआपच मरायला लागलं. फुकटचे तुकडे कायम फुकट राहत नाहीत. आधी नकाशा विकतचा झाला आणि त्या जागी राखाडी चौकोन आला. मग पाऊस गेला. शेवटी भावाची चौकट रिकामी झाली. मला आनंद व्हायला हवा होता, पण मुनीमजी रिकाम्या पानाकडं बघत बसलेले आणि मलाही कुठल्या बागेचा माल तयार आहे ते आठवेना. दुरुस्तीला आलेली पोरं पान बघून डोकं खाजवायची, कुठला टाका कुठं घातलाय हे त्यांना उमगायचं नाही. ज्यांना उमगलं असतं त्यांना तोवर अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली.

मग एका सकाळी पुण्याहून फोन आला. जड जिभेनं एकच शब्द, "भाव?"

आजारी माणसाशी काय खोटं बोलायचं? सांगितला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. इतर काही नाही, भाव ऐकायचे आणि फोन ठेवायचे. मला वाटलं, बिचाऱ्यांचा वेळ जात असेल.

आष्टीच्या एका बागेत मी रुमाल काढला, तर मालक हसला. त्यानं मोबाइल दाखवला. नकाशा राखाडी, पाऊस गायब, पण चौकटीत आजचा भाव. बिलकुल खरा.

"हे तर बंद पडलं होतं."

"बाकी बंदच हाय. रेट तेवढा येतो. तुमचे साडू पुण्यावरून डाव्या हातानं टाकतेत म्हणे."

मी तिथंच बांधावर बसलो. ज्या भावासाठी मी जन्मभर जीभ आवरली, तो मीच रोज सकाळी जिल्हाभर वाटत होतो. पण एक गोष्ट माझ्या लगेच लक्षात आली. आता उद्या मी कमी सांगितला, की सगळा जिल्हा कमी धरणार. आख्खा हंगाम माझ्या जिभेवर होता. किती कमी सांगायचा ते मी घरी येईपर्यंत ठरवलंसुद्धा.

सकाळी फोन वाजला. "भाव?" मी घसा खाकरला. तेवढ्यात तिकडून, एकेक शब्द ओढत, "पाव्हणं, दुसऱ्या कुणाचा भाव... बराबर नसतो."

मी खरा सांगितला. स्वतःवर इतका राग मला कधी आला नव्हता. कमाईच्या हिशेबात तो हंगाम माझ्या आयुष्यातला सगळ्यात कोरडा हंगाम.

दिवाळीनंतर फोन थांबला. दुसरा झटका आला, वाचा गेली. चौकटीतला भाव त्या दिवशीचाच राहिला आहे आणि आता तो कुणी बघतही नाही. बागांमध्ये लोक पुन्हा मुकाट्यानं रुमालाखाली हात देतात. मार्केटमध्ये म्हणतात, शेठ, तुमचे दिवस परत आले.

सकाळी दिल्लीचा भाव कळला की मी पुण्याला फोन लावतो. भाची तो त्यांच्या कानाशी धरते. तिकडून नुसता श्वास ऐकू येतो. मी भाव सांगतो, आहे तो, खरा. मग फोन ठेवतो आणि रुमाल खांद्यावर टाकून बागेकडं निघतो.