अक्का म्हणतील तो पिवळा

बायकोला विचारल्याशिवाय शिंकसुद्धा न देणारा पुरुष अख्ख्या सांगली जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं भाग्य! माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या अक्का, या गृहस्थांना दिल्या त्या दिवसापासून त्यांना स्वतःचं मत म्हणून उरलंच नाही. सांगलीत त्यांचा छापखाना. पुढे मशीन, मागे घर. काचेवर शाई घोटायची, बोटानं कागदावर ठिपका उठवायचा आणि तो कागद घेऊन साडू तडक स्वयंपाकघरात! अक्का भाकरी थापता थापता नुसतं वर बघायच्या. "तांबडं जास्त झालंय." की साडू आल्या पावली परत. सासरच्या मंडळींत यावर काय हशा पिकायचा! आमचा मेहुणा तर तोंडावर म्हणायचा, "दाजी, शाई तरी न विचारता ढवळत जावा की." साडू मिशीत हसायचे. त्यांना राग असा कधी यायचाच नाही.

मंडईत टोमॅटो घ्यायचे तरी "अगं, बघ बरं." सकाळी अंगात घालायचा शर्ट अक्कांनी खुंटीला अडकवून ठेवलेला. एकदा अक्का परगावी असताना हे एकटे लग्नाला आले, तर एका पायात तपकिरी मोजा आणि दुसऱ्यात हिरवा! मांडवभर चर्चा झाली. पण हाच गबाळा माणूस रंगांवर बोलायला लागला की ऐकत राहावं. रंगाला ते कधी नावानं हाक मारत नसत. "ह्यो लय भांडकुदळ हाय, शेजारच्याला बसू देत न्हाई." "ह्यो आत्ताच आजारातनं उठलाय, ह्याला जरा खायाला घाला." गिऱ्हाइकं माना डोलवायची, की वा, काय कलावंत माणूस आहे! आणि काम उतरायचंही तसंच. तासगावचे बेदाणेवाले सांगलीपर्यंत यायचे ते काय उगीच?

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक हळदीचे व्यापारी. पाकीट बघितल्यावर आतली हळद दिसली पाहिजे, हा त्यांचा हट्ट, आणि तो पिवळा फक्त आमच्या साडूंकडेच निघायचा. पुढे नव्वदीच्या मधल्या वर्षांत कॉम्प्युटरचं वारं आलं, आणि व्यापाऱ्यांनी निरोप धाडला : नवं पाकीट कॉम्प्युटरवर करा, नमुना हंगामाआधी दाखवा, नाहीतर काम पुण्याला देतो. हे काम गेलं असतं तर छापखान्याला कुलूपच लागलं असतं.

झालं! साडू कॉम्प्युटर घ्यायला निघाले, अर्थात अक्कांना घेऊन. पिशवीत हळद, एक ताटली, जुनं पाकीट आणि बाहेरून त्याचं चित्र घालून आणलेली फ्लॉपी. सांगली झाली, मिरज झाली, कोल्हापूर झालं. मशीन किती वेगाचं, त्यात किती मावतं, हे त्यांनी कुणाला विचारलंच नाही. मॉनिटरशेजारी ताटलीत हळद ओतायची, पडद्यावर पाकीट आणायला लावायचं आणि बाजूला होऊन म्हणायचं, "अगं, बघ." अक्का बघायच्या. "कच्ची दिसतीय." चला पुढच्या दुकानात! एका बिचाऱ्या दुकानदाराला तर त्यांनी मॉनिटर उचलून दारात उजेडाला आणायला लावला. "आवं, ट्यूबलाइटखाली बघून हळद कोण घेतंय?"

अशात माझ्या बायकोचं बाळंतपण आलं. सासूबाई हयात नव्हत्या, म्हणून अक्का साताऱ्याला आमच्याकडे येऊन राहिल्या. हंगाम तर तोंडावर. मी बँकेत नोकरीला, आणि आमच्या शाखेत नुकताच कॉम्प्युटर बसलेला, एवढ्यावर सासरी मी त्यातला तज्ज्ञ ठरलो होतो. साडूंचा फोन आला. "पाव्हणं, आता तुमीच या."

मी सांगलीला गेलो, आणि दुकानात नेहमीची पूजा मांडली गेली. ताटली, हळद, फ्लॉपी. पडद्यावर पाकीट उमटलं आणि मला हसूच आवरेना. पाकीट कैरीसारखं हिरवंगार! दुकानदार आत फोनवर होता. साडूंनी एकदा ताटलीकडे बघितलं, एकदा पडद्याकडे, मान तिरकी करून पुन्हा बघितलं आणि म्हणाले, "ह्यो बरा वाटतोय, पाव्हणं. हळद हळदीवानी दिसतीया."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण हळदीच्या बाबतीत साडू थट्टा करत नसत. तेवढ्यात दुकानदार बाहेर आला. "अरेच्चा! वायर नीट बसली नाही वाटतं," म्हणत त्यानं मागची वायर दाबली, आणि हिरवं पाकीट पिवळंधमक झालं. साडूंनी पडद्याकडे बघितलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते.

बाहेर आल्यावर चहाच्या गाड्यापाशी म्हणाले, "कळलं न्हवं? मला तांबडं-हिरवं येगळं वळखूच येत न्हाई. जल्मापास्नं. वडलांचा छापखाना, सोडून जातो कुठं? लगीन झाल्यावर आठ दिसांत तिनं वळखलं. तवापास्नं तीच बघती." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कुनाला बोलू नका हां. छापखानेवाल्याला रंग दिसत न्हाईत म्हणल्यावर काम कोण दील?"

अक्कांनी हे सख्ख्या बहिणीलाही कळू दिलं नव्हतं. नवऱ्याला मुठीत ठेवते, कजाग आहे, हे माहेरचं बोलणं त्या बाईनं इतकी वर्षं मुकाट ऐकून घेतलं होतं, आणि त्यानंही.

हळदीचा नेमका पिवळा ओळखणं माझ्याही डोळ्यांचं काम नव्हतं. साताऱ्याला येऊन मी बायकोला म्हटलं, अक्कांना दोन दिवस सांगलीला पाठवू. ती उसळलीच. "दाजींना एक डबडं घेता येत नाही? बाळ-बाळंतिणीला टाकून जायचं?" मी काय सांगणार, कपाळ! शेवटी माझ्या मावशीला बोलावून घेतलं. पिशवी भरताना अक्का माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "कळलं वाटतं तुम्हाला." त्या गेल्या, मॉनिटरसमोर बसल्या, म्हणाल्या, "हा." कॉम्प्युटर घरी आला, पाकीट वेळेत झालं, काम राहिलं.

कॉम्प्युटर जोडायला आलेल्या माणसानं एक गोष्ट दाखवली होती. पिवळा किती टक्के, तांबडा किती टक्के, सगळ्याला आकडे असतात. आकडा बसला की नजरेचं कामच नाही. अक्का हसून म्हणाल्या, "चला, सुटले बाई मी!" साडू एकदम म्हणाले, "आकडं त्या व्यापाऱ्याला दाव. मला तू सांग." आणि पुढेही छापलेला प्रत्येक नमुना ते स्वयंपाकघरात घेऊन जात राहिले.

अक्का गेल्यालाही आता बराच काळ लोटला. मध्ये सांगलीला गेलो होतो. मशीन चालू होतं. पावतीपुस्तकं, बिलबुकं निघत होती. हळदीवाले अजून येतात, पण साडूच त्यांना दुसऱ्या छापखान्याचा पत्ता देतात म्हणे.

"का हो दाजी?" मी म्हटलं. "आकडे तर आहेत की."

"हायती की." ते शाईचं बोट फडक्याला पुसत राहिले. "पर आता रंगाचं काम न्हाई घेत, पाव्हणं. काळं तेवढं माझं मला दिसतंय."