कादंबरीतली सवत

कादंबरी उशाएवढी जाड. प्रवरेकाठच्या एका घराण्याच्या पाच पिढ्या, पेशवाईपासून साखर कारखान्यापर्यंत. बेलापूरच्या वाचनालयातून मी ती मोठ्या हौसेनं आणली आणि थोड्याच पानांत वैतागले. घोडे, वतनं, भाऊबंदकी, आणि बायका मरायच्या त्या एका ओळीत. पण तिसऱ्या पिढीत थोरल्याची दुसरी बायको आली आणि माझं स्वयंपाकातलं लक्षच उडालं. तिच्या गळ्यात सवतीचा टाक होता.

माझ्याही गळ्यात आहे. पहिली बायको वारलेल्या घरात मी लग्न करून आले, तेव्हा सासूबाईंनी चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली, काळ्या दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधला. "मागलीचा मान हाय, पोरी. काढू नगं," म्हणाल्या. मी शिकलेली बाई. मनात हसले आणि बांधून घेतला.

घरात त्या पहिलीची सहा वर्षांची मुलगी. मला मावशी म्हणते. शाळेतून आली की माझ्या मांडीवर बसायची, टाकाला कान लावायची आणि आईशी गप्पा मारायची. मी जणू तिथं नव्हतेच. या पोरीनं एकदा तरी माझ्यासाठी मांडीवर यावं, एवढंच मला हवं होतं. पण टाक गळ्यात असेपर्यंत ते कळणार कसं?

कादंबरीतली बाई टाक नदीत फेकते. मग सवत येते ती थेट गळा दाबायला. लेखकानं रंगवलंय झकास, वाचताना अंगावर काटा आला. आणि रागही आला. मेलेल्या बाईला दुसरं काही काम नसतं का? त्याच रागात, दुपारी घरात कुणी नसताना, मी टाक काढला आणि देवघरात देवांच्या मागं ठेवून दिला. कुणाजवळ बोलले नाही.

पोरगी आली. दप्तर फेकलं आणि मांडीवर बसली. तिनं माझ्या गळ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. नेहमीच्या जागी, टाक नसलेल्या गळ्यालाच कान लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, मांडणीवरची भांडी थरथरली, तरी ती हलली नाही.

"काय म्हणते आई?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"म्हणती, देवाच्या मागं लई गार हाय."

मला दरदरून घाम फुटला. लेखकाची सवत गळा दाबते, आमची नुसती गारठली होती. एवढी पानं लिहून त्याला हे सुचलं नाही, याचं त्या भीतीतही मला वाईट वाटलं. मी उठले, टाक आणला आणि पुन्हा गळ्यात बांधला. पोरगी परत मांडीवर आली. टाक ओठांजवळ धरून काहीतरी पुटपुटली, मग तो हलकेच बाजूला सारला आणि माझ्या छातीवर डोकं टेकलं.

"निजली ती," म्हणाली. "आता तू बोल, मावशी."