लवंगांच्या बेटाची माती

आमच्या घरात समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता. नांदेडला जन्म काढणाऱ्या माणसाचं समुद्रावाचून अडतं कुठं? आमचं पाणी म्हणजे गोदावरी. तिला पूर आला की पलीकडचा काठ दिसेनासा व्हायचा, आणि बाबा म्हणायचे, समुद्र असाच असतो, फक्त त्याचा पूर ओसरत नाही. अशा माणसांनी परदेशातला एक किनारा राहायला निवडला होता. आज कुणाला सांगितलं तर हसतात. हसू दे. आम्ही तो हौसेनं निवडला नव्हता.

कारण आक्का होती. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी बहीण. तोंडाची फटकळ, हाताची चपळ आणि छातीनं अधू. आमच्या गल्लीच्या टोकाला सरकी काढायचं जिनिंग होतं. दसरा झाला की कापसाच्या गाड्या लागायच्या आणि होळीपर्यंत हवेत तंतू उडत राहायचे. ते वाळत घातलेल्या पापडांवर बसायचे, दुधावर बसायचे, आणि आक्काच्या छातीत जाऊन बसायचे. मग ती गुडघ्यांवर हात टेकून बसून राहायची आणि एकेक श्वास ओढून काढायची. आम्ही सगळे तिच्याभोवती उभे. दुसऱ्याच्या वाट्याचा श्वास घेता येत नाही, हे मला फार लहानपणी कळलं.

जवळचे उपाय करून झाले होते. तिला लातूरला मामाकडे ठेवून पाहिलं. तिथं कापूस नव्हता, पण मामाचं घर आडत बाजारात. तुरीचा भुसा आणि धान्याची धूळ. महिन्याभरात मामाच तिला परत घेऊन आला, आणि अपराध्यासारखा दारातच उभा राहिला. मग शेजारचे हकीमसाहेब, ज्यांच्या काढ्यांवर आमचं घर चालायचं, त्यांनी एक दिवस बाबांना स्पष्ट सांगितलं, "मास्टरसाब, आता दवा माझ्याजवळ न्हाई. पोरीला दर्याची हवा पाहिजे. कायमची."

बाबा उर्दू शाळेत मास्तर होते. निजामी अमलात सगळं शिक्षण उर्दूत, आणि त्यांनी जन्मभर शिकवला तो भूगोल. त्या वेळी त्याला जुगराफिया म्हणत. हकीमसाहेबांचं बोलणं ऐकून ते सरळ शाळेचा नकाशा घरी घेऊन आले आणि जमिनीवर पसरून बसले. मुंबईचं नाव पहिल्यांदा निघालं आणि पहिल्यांदाच बाद झालं. तिथं गिरण्या, म्हणजे पुन्हा कापूसच. रत्नागिरीकडे इंग्रजी अमल. तिथं बाबांच्या उर्दू परीक्षांना कोण विचारणार? घरी बसून समुद्राची हवा खायची म्हटली तरी सोबत भाकरी लागतेच.

तेव्हा मध्ये पडले मसाल्याचे शेटजी. कच्छी मुसलमान, दोन पिढ्या नांदेडात दुकान. त्यांचा भाऊ आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापार करायचा. शेटजी म्हणाले, "तिकडं आमच्या लोकांच्या पोरांना उर्दू-हिसाब शिकवायला माणूस पाहिजेच हाय. तुम्ही बोला, कुठं जायचं?"

जणू बाजारात भाजी निवडायची होती! पण बाबांनी ती खरोखरच तशी निवडली. मोंबासा नको, तिथं रेल्वेचा धूर. झांजिबार नको, तिथं गर्दी, आणि गर्दीत आक्काला दम लागायचा. मग त्यांचं बोट झांजिबारच्या वर एका ठिपक्यावर थांबलं. नकाशावर माशी बसून गेली असावी एवढा तो ठिपका. पेंबा. शेटजी म्हणाले, "तिथं काय हाय? लवंगाची झाडं, अन् दर्या. आमच्या दुकानातली लवंग तिथलीच."

झालं. आक्काच्या तोंडात दिवसभर लवंग असायची, तेवढाच तिला आराम. जिथलं औषध इथवर येऊन गुण देतं तिथली हवा काय गुण देईल, असा बाबांनी हिशेब मांडला. आता मला कळतं की त्यात शास्त्र काही नव्हतं. पण बाप माणसाच्या हातात जेव्हा काहीच उरत नाही तेव्हा तो लवंगेलासुद्धा धरून ठेवतो.

त्यानंतर आमच्या घरात पेंब्याशिवाय दुसरा विषय नाही. आई शेटजींना विचारी, तिकडं जवारी पिकते का? नाही? मग लोक खातात काय? भात, नारळ आणि मासे म्हटल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. आक्का मात्र चेकाळली होती. "मी समुद्रात पाय घालून बसणार अन् पळणार," म्हणायची. तिनं पळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "बसणार का पळणार?" तर म्हणाली, "आधी पळणार. बसून बसून कंटाळा आलाय मला."

आईची हरकत माशांची नव्हती. तिला अडत होती देवी. आमच्या घरची देवी माहूरची रेणुका. दर नवरात्रात घरात घट बसायचा. पत्रावळीवर शेतातली माती पसरून, मध्ये पाण्याचा घट ठेवून, भोवती धान्य पेरायचं. नवव्या दिवसापर्यंत पिवळेधमक अंकुर वीतभर वर येत. ते देवीचं बोलणं. दाट आले तर वर्ष चांगलं, विरळ आले तर जपून राहा. आईनं आयुष्यातली सगळी मोठी कामं त्या अंकुरांना विचारून केली होती, माझ्या जन्मानंतरचं माझं बारसंसुद्धा.

"समुद्र ओलांडून देवी येईल का, हे तिला विचारल्याबिगर मी पाऊल उचलणार न्हाई," आई म्हणाली. "तिथली माती आणवा. या नवरात्रात घट त्या मातीत घालते. उगवला तर देवी हो म्हणली. मग मासे तर मासे."

बाबा खूश झाले. इतकं सोपं? गहू तर ओल्या फडक्यातही उगवतो. त्यांनी लगेच होकार दिला आणि शेटजींना निरोप धाडला. शेटजींचा पुतण्या पेंब्याहून त्याच सुमारास यायचा होता.

पुतण्या आला तो घटस्थापनेच्या अगदी तोंडावर. त्यानं बिस्किटांचा एक डबा बाबांच्या पुढे ठेवला. आत पांढुरकी, भुसभुशीत माती, तिच्यात शिंपल्यांचे बारीक तुकडे. काळ्या मातीत वाढलेले आम्ही, आम्हाला ती माती वाटेचना. राखुंडी म्हणून दात घासावेत अशी दिसत होती. पुतण्या खरा माणूस, त्यानं सांगून टाकलं, "मास्टरसाब, इमानदारीनं सांगतो, विसरलो होतो. बोटीत चढायच्या टायमाला याद आली, तर धक्क्याजवळूनच भरून घेतली."

बाबा ते ऐकून किंचित थांबले, हे मला आठवतं. पण देवघराच्या दारात आई सारवलेल्या जमिनीवर पत्रावळ मांडून बसली होती, आणि आक्का डब्यात हात घालून म्हणत होती, "किती मऊ हाय बघ!" बाबांनी डबा आईपुढे सरकवला.

पेरणी आक्कानं केली. आईनंच सांगितलं, जिच्यासाठी जायचं तिच्या हातानं होऊ दे. रोज अंघोळ करून, ओलेत्यानं नको म्हणून कोरडं नेसून, ती झारीनं पाणी घालायची आणि मग घटाशेजारी बसून राहायची. तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरांतून अंकुर दिसू लागले. आमच्याकडे काही नाही. परदेशी माती आहे, उशीर लावत असेल, असं मी म्हटलं. आक्का हसली. चौथा दिवस गेला, पाचवा गेला. गव्हाचे दाणे फुगून तसेच पडून होते. एका कोपऱ्यात दोन-तीन कोंब आले आणि टोकाला तपकिरी होऊन आडवे झाले. आईनं उपवास कडक केला. आधी फराळ करायची, मग नुसत्या पाण्यावर राहिली. बाबा शाळेतून आले की चपला काढायच्या आधी देवघरात डोकावायचे, आणि मग चपला काढायला परत बाहेर जायचे. ज्याच्याशी भांडावं असं कुणी समोर असतं तर बरं झालं असतं. समोर नुसती ओली वाळू होती.

दसऱ्याला घट उठला. दर वर्षी बाबा टोपीत अंकुरांचा तुरा खोवून सीमोल्लंघनाला जायचे, त्या वर्षी टोपी तशीच. आक्कानं पत्रावळीवरची चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली.

"खारट हाय," ती म्हणाली. "बाबा, ही माती खारट हाय! मिठात काय उगवंल?"

मी बाबांकडे पाहिलं. खाऱ्या जमिनीत पीक येत नाही, हे त्यांनी आमच्या गावच्या निम्म्या पोरांना शिकवलं होतं. धक्क्याजवळची माती म्हटल्यावरच त्यांना ते कळलं होतं. आतल्या लवंगांच्या रानातली माती असती तर... ते आईला समजावू लागले. समुद्राचं पाणी, भरती, मीठ, सगळं सांगितलं. आईनं शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं.

"खारट असंल," ती म्हणाली. "पण ती खारट हाय हे देवीला ठावं न्हाई का?"

आई दुष्ट नव्हती, हट्टीही नव्हती. ती त्या दिवशी चुलीपुढे बसून रडली तशी मी तिला पुन्हा फार वेळा पाहिली नाही. लेकीला न्यावं तर देवी नको म्हणते, आणि न न्यावं तर लेक गुदमरते. बाबांनी जबरदस्ती केली असती तर ती निघालीही असती, पण पुढं आक्काला साधा ताप जरी आला असता तरी आईनं काय म्हटलं असतं हे बाबा जाणून होते. "पुढच्या साली आतली माती आणवू," एवढंच ते म्हणाले. बाहेर कापसाच्या पहिल्या गाड्या लागल्या होत्या.

घटाची माती पायदळी जाऊ नये म्हणून आई ती तुळशीत टाकायला निघाली. बाबांनी अडवलं, तुळस जळेल म्हणाले. मग तिनं ती बुडाला तडा गेलेल्या एका रांजणात ओतली आणि रांजण परसात पागोळीखाली ठेवला. तिथं कुणाचं लक्ष जायचं नाही.

तो हिवाळा आक्कानं कसाबसा काढला. उन्हाळ्यात तिला बरं वाटलं, की पुन्हा पेंब्याचं बोलणं. पावसाळा झाला. बाबांनी शेटजींकडे पुन्हा मातीचा निरोप दिला, पण माती आलीच नाही. तिकडून कुणी यायचंच थांबलं. विलायतेत लढाई सुरू झाल्याचं गावात आलं तेव्हा आम्हाला त्याचं काही वाटलं नव्हतं. लढाई कुठं, नांदेड कुठं.

त्या नवरात्रात आईनं घट बसवला. माती कुठली घेतली हे कुणी विचारलं नाही. दोन दिवसांतच अंकुर फुटले. चौथ्या दिवशी त्यांच्यातून घट दिसेना. अशी दाटी आमच्या घरात पूर्वी कधी झाली नव्हती. मी जवळ जाऊन पाहिलं तर अंकुरांच्या बुडाशी शिंपल्यांचे तुकडे चमकत होते.

आईनं रांजणातली माती घेतली होती. गेलं वर्षभर, कुणाला न सांगता, ती त्या रांजणाला जपत आली होती. सगळा पावसाळा पागोळीचं पाणी त्या मातीतून वाहून तड्यातून बाहेर गेलं होतं आणि मीठही घेऊन गेलं होतं. हे बाबांना कळलं. आईला कळलं ते वेगळंच होतं. तिचा चेहरा उजळून गेला होता.

"देवी हो म्हणली," आई म्हणाली. "शेटजींकडं जा. कधी निघायचं ते इचारून या."

बाबा गेले. परत यायला त्यांना वेळ लागला. शेटजींनी काय सांगितलं ते त्यांनी ओसरीत उभ्यानंच सांगितलं. बोटी लढाईच्या कामाला लागल्यात. बायकापोरांना आता कुणी नेत नाही. लढाई कधी संपेल ते कुणाला माहीत नाही.

आई अंकुरांकडे बघत राहिली. "मग आता कशाला हो म्हणली?" असं ती म्हणाली, पण ते आम्हाला नव्हतं.

दसऱ्याला आक्कानं सगळ्यात लांब अंकुर निवडून स्वतःच्या वेणीत खोवले. एक तुरा बाबांच्या टोपीत लावायला ती उठली. दोन पावलांवर बाबा उभे होते. तिथं पोचल्यावर तिनं त्यांच्या खांद्याला धरलं आणि दम खात उभी राहिली. बाबा मान वाकवून थांबले होते.

"समुद्रावर गेल्यावर मी पळून लावीन," ती म्हणाली आणि तुरा खोवला.

त्या वर्षी आमच्याकडे कापूस फार चांगला पिकला. गाड्यांची रांग आमच्या दारापर्यंत आली. होळीला त्या थांबल्या, तेव्हा आक्का नव्हती.