उद्गारचिन्ह राहिलं

आई नागपूरच्या मावशीला पत्र सांगायची आणि मी लिहायची. ती चिन्हंसुद्धा मोठ्यानं सांगायची, तिच्या वडिलांनी तिला तशीच सवय लावली होती. भाजी निवडता निवडता सुरू व्हायची, "ताई, स्वल्पविराम, आम्ही मजेत आहोत, पूर्णविराम."

माझी शाळा जबलपूरची, हिंदी. तिथं स्वल्पविरामाला अल्प विराम आणि वाक्य संपलं की खड़ी पाई. एकदा मराठी पत्रातही मी तीच उभी रेघ ओढली, तर आई भडकली.

"काहून गं, हा खांब काहून रोवला इथं? टिंब दे."

"अख्खं जबलपूर असंच लिहून राहिलं, आई!"

"लिहू दे. माझ्या घरात माझं चालेल."

उद्गारचिन्हाला हिंदीत विस्मयादिबोधक म्हणतात, त्या शब्दाची तर ती टिंगलच करायची. म्हणे, एवढं म्हणेपर्यंत माणसाचं नवल संपून जाते! तिचं आपलं उद्गारचिन्ह. प्रत्येक पत्राच्या शेवटी सांगायची, "तुझी फार आठवण येते, उद्गारचिन्ह." आणि लगेच उठून स्वयंपाकघरात जायची.

पुढे पत्रं गेली, मोबाईल आला, पण मेसेजही ती मला तसाच चिन्हांसकट सांगायची. मागच्या हिवाळ्यात आई गेली. आता मुलाशी, सुनेशी मी मराठीत बोलते आणि ते म्हणतात, "अच्छा मम्मी, ठीक है." समजतं मेल्यांना सगळं! राग येतो, आणि मग नुसतं रडू येतं. दिवसभर घरात कोणी मराठी बोलत नाही.

मावशीला आता वाचता येत नाही, म्हणून मी तिला आवाज भरून पाठवते. परवा जबलपूरच्या राइट टाउनमधल्या आमच्या गॅलरीत मटार सोलत बसले होते. एकटीच. बटण दाबलं आणि बोलून गेले, "मावशी, स्वल्पविराम, मटार सोलून राहिली आहे, पूर्णविराम. आईची फार आठवण येते."

पाठवल्यावर ध्यानात आलं, आईसारखी चिन्हंसुद्धा बोलून गेले, आणि मलाच लाज वाटली. काय म्हणेल म्हातारी!

थोड्या वेळानं तिचा फोन आला.

"अगं," ती म्हणाली, "शेवटचं उद्गारचिन्ह राहिलं तुझं."

"हो गं मावशी."

"मग म्हण ना. मला ऐकायचं आहे."

मी म्हटलं, "उद्गारचिन्ह." आणि उठून स्वयंपाकघरात गेले.