दीड बिडीची वावटळ

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. एकाच टेबलाभोवती सात-आठ वर्षं चहा प्यालात की ते साठतात, आणि सांगता सांगता थोडे वाढतात. मी पदार्थविज्ञानाचा एम.एस्सी., त्यामुळे मला त्या वाढीचीच भीती वाटते. पुस्तकं म्हणतात, बहुतेक वावटळी काही मिनिटांत संपतात, फार लांब जात नाहीत. माझ्या अजून फिरताहेत. तेव्हा चूकभूल माझी.

आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या अलीकडे, तहसील कचेरीच्या आवारात माझं हवामान केंद्र होतं. म्हणजे एक पर्जन्यमापक, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा आणि मी! जोडीला तिघं: जमिनींची पाहणी करणारे महसूल खात्याचे गिरदावर हमीदसाहेब, कारकून रामुलू आणि चपराशी नामदेवदादा. निजामाचं राज्य गेलं होतं. आज ना उद्या नदीवरून हद्द जाणार, पलीकडे मराठी मुलूख, अलीकडे तेलुगू, असं सगळे म्हणत. मग आमचं टेबल मोडणार. त्याबद्दल कोणी बोलत नसे. आम्ही वावटळींबद्दल बोलायचो.

*

वरून हुकूम आला होता, प्रत्येक वावटळीची नोंद करा. किती वेळ टिकली? किती लांब गेली?

पहिलीच वावटळ आली तेव्हा मी घड्याळ घरी विसरलो होतो. नामदेवदादा पायरीवर शांत बसलेले.

"दीड बिडी चालली, साहेब."

मी हसलो. मग आठवडाभर चोरून त्यांच्या बिड्या मोजल्या. नार्नूरकडच्या जंगलातलं पान, स्वतः वळलेली बिडी. प्रत्येक बिडी बरोबर सहा मिनिटं! माझं घड्याळ मात्र रोज मागे पडत होतं.

"तुमच्या घड्याळाले चावी लागते," दादा म्हणाले, "बिडीले काडी पुरते."

तेव्हापासून सरकारी नोंद बिडीवर चालली.

*

अंतराचं काम हमीदसाहेबांनी घेतलं. जमीन मोजायची साखळी घेऊन ते वावटळीने आडव्या पाडलेल्या ज्वारीच्या मागावरून निघाले. साखळी दिसताच गावात बोंब झाली, सरकार जमिनी काढून घेऊन राह्यलं!

एका शेतकऱ्याच्या गोठ्याचे पत्रे बाभळीवर लटकत होते. तरी तो हात जोडून म्हणाला, "माह्या वावरातून नाही गेली साहेब! त्या पलीकडच्याच्या वावरातून गेली!"

"मग पत्रे वर कसे?"

"म्याच ठेवले. वाळू घातले!"

असे चार जण निघाले. शेवटी मी लिहिलं, वावटळ चार शेतं सोडून पुढे गेली. वरून शाबासकी आली: 'वावटळ उड्या मारत जाते, हे निरीक्षण अत्यंत मोलाचे!'

*

नोंदीचे कागद जुने, उर्दू छापील होते. मी नागपूरला शिकलेला, उर्दू वाचता येईना. विचारायची लाज. शेवटी विचारलंच. हमीदसाहेब म्हणाले, "पहला खाना वक़्त का, दूसरा फ़ासले का." मी डावीकडून पहिला रकाना धरला.

बारा मिनिटांत तीन मैल गेलेली वावटळ कागदावर तीन मिनिटांत बारा मैल गेली. वर्षभर कोणाला पत्ता नाही! मग खुलासा मागणारं पत्र आलं. मी धरून चाललो, नोकरी जाणार!

हमीदसाहेब पान चघळत म्हणाले, "लिख दो मियाँ, मुल्क बदल रहा है, हवा भी जल्दी में है!"

रामुलूने तेवढं सोडून बाकी सगळं नीट लिहिलं, म्हणून मी वाचलो.

*

शेवटी नदीवरून हद्द ठरली आणि फॉर्म आले. कुठल्या राज्यात जाणार, लिहून द्या. पलीकडे माझी भाषा, यवतमाळला थोरला भाऊ. इकडे हे तिघं. मी तीनदा खोडलं, चौथ्यांदा 'पलीकडे' लिहून सही केली.

"टपाल चारला जाणार सार," रामुलू खाली मान घालून म्हणाला. हमीदसाहेबांनी चहा तसाच ठेवला. दादांनी टेबलावरचे कागद सारखे केले आणि ते पायरीवर जाऊन बसले.

तीन वाजता आवारात वावटळ शिरली. खिडक्या आपटल्या, टेबलावरचे कागद उडाले. आम्ही तिघं धावलो. दादा मात्र पायरीवर बिडी ओढत वेळ मोजत राहिले. सगळे कागद सापडले. माझा फॉर्म तेवढा गेला. चार वाजले, टपाल निघालं.

दुसरा फॉर्म मागता आला असता. मी मागितला नाही. नोंदीत वेळ लिहिली, सहा मिनिटं. अंतराचा रकाना कोरा ठेवला. तेलुगू शिकलो, इथेच निवृत्त झालो.

निरोप समारंभाच्या दुसऱ्या दिवशी दादांकडे जेवायला गेलो. ते थकले होते, नजर अधू झाली होती. जेवणानंतर त्यांनी पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. चार घड्या, एकही धुळीचा डाग नाही. खाली माझी सही.

मी कागदाच्या चारही घड्या पुन्हा घातल्या. मग विचारलं, "दादा, ती वावटळ किती लांब गेली होती?"

दादांनी काडी ओढली.

"माह्या घरापर्यंत, साहेब."