गोदीकडचं विरजण

गोदी गेल्याचा फोन लोह्याहून आला तेव्हा मी ताक घुसळत होते. रवी हातातच राहिली. पण खरं सांगते, रडू आलं ते तेराव्याला... आणि तेही रागानं.

लातुरात आम्ही एकाच गल्लीत. दोघी मिळून लग्नकार्याला दही लावून द्यायचो. माझ्या माहेरचं विरजण मीच तिला स्टीलच्या डब्यात घालून दिलं होतं. डब्यावर माझं नाव कोरलेलं. एकदा माझं संपलं, म्हणून तिच्याकडून आणून एका लग्नाचं दही लावलं. सकाळी बघते, तर आठही मडक्यांत पाणचट दूध! तेव्हा मी म्हणजे गल्लीची महाराणी, माझं काही चुकायचंच नाही. भर मांडवात ओरडले, "गोदे, मुद्दाम नासकं दिलंस! लई जळून राहिलीस माझ्यावर!"

ती एवढंच म्हणाली, "शांते, विरजण तर तुझंच हाय की गं."

मला ते उलट उत्तर वाटलं. मी बोलणंच टाकलं. पुढं ती मुलाकडं लोह्याला गेली.

तेराव्याला लोह्याला गेले, तिथं माझी नात मुक्ता हळूच जवळ बसली. ती डेअरीचं शिकते. म्हणाली, "आजी, गेल्या वर्षी गोदाआजीचं विरजण मी इथून नेऊन कॉलेजात तपासलं होतं. दही लावणाऱ्या जिवाणूच्या पोटातच एक विषाणू झोपलेला असतो. पिढ्यान् पिढ्या गप्प. दूध फार गरम असलं की जागा होतो आन् जिवाणूलाच फोडून बाहेर येतो. मग दही लागत न्हाई. तुमचंही तसंच झालं असंल."

गरम दूध! त्या लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीत नवी साडी नेसून मिरवायची घाई. दूध कोमट व्हायची वाट कोण बघणार... बोटाला बसलेला चटका अजून आठवतो.

"गोदीला सांगितलंस हे?"

"हाव. हसल्या. म्हणाल्या, शांतेला नको सांगू, या वयात तोरा मोडंल तिचा."

बघा! माझीच नात, माझीच मैत्रीण, दोघी फितूर. गोदे, चारचौघांत माझी जिरवली असतीस तरी चाललं असतं. पण मला माफी मागू न देता गेलीस... असा दगा तर मीही तुला दिला नव्हता.

निघताना तिच्या सुनेनं तो डबा हातात दिला. नाव झिजलेलं, आत विरजण ताजं. आता रोज त्यातलंच लावते. दूध कोमट होईस्तोवर बोट बुडवून बघत बसते. दही घट्ट लागतं. पण एखाद्या दिवशी बिघडलं, तर ओरडू कुणावर?