रेस्ट आठ तास

उत्तरेकडच्या डोंगरात, एका सप्लाय कंपनीत माझं पोस्टिंग होतं. मी हवालदार वानखडे, मूळ गाव अमरावतीजवळ. कंपनीच्या एमटीचा चार्ज माझ्याकडे, म्हणजे ट्रक, ट्रकचे ड्रायव्हर आणि त्यांच्या ड्युट्या. बर्फ पडायच्या आत वरच्या चौक्यांना केरोसीन, डाळ, तांदूळ पोचवायचं हे आमचं काम. बर्फ पडला की रस्ता बंद, मग पाच महिने वरची माणसं आम्ही पोचवलं तेवढ्यावरच जगणार.

पहाटे चारला उठणं, पाचला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी, साडेपाचला इंजिन चालू. फॉल-इनला मी रोज एकच प्रश्न विचारायचो. "कोई थका है?" उत्तर ठरलेलं. "नहीं, उस्ताद." फौजेत या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं. ताप असो, बायकोशी फोनवर भांडण झालेलं असो, माणूस "फिट" असतो. ड्युटी रोस्टरमध्ये रेस्टचा एक रकाना होता. नियम असा की डोंगरात गाडी काढायच्या आधी ड्रायव्हरची आठ तास झोप झाली पाहिजे. मी संध्याकाळी बसून वरपासून खालपर्यंत लिहीत जायचो. रेस्ट आठ तास. रेस्ट आठ तास. कोण किती झोपला हे पाहायला मी कधी बराकीत गेलो नाही. मला स्वतःला चार तास पुरायचे आणि त्याचा मला माज होता. खोटं कशाला सांगू?

माझ्याकडच्या ड्रायव्हरांत नायक सुधाकर इंगळे पातूरचा. अकोला जिल्ह्यातला म्हणून माझा जवळचा. चारचौघांत मला उस्ताद म्हणायचा, एकटा असला की भाऊ. अख्ख्या कंपनीत त्याच्या झोपेची चेष्टा चालायची. नऊ वाजले की कानटोपी ओढून हा गडी आडवा. पत्ते नाहीत, मोबाईल नाही. पोरं त्याच्या खाटेभोवती भांडी वाजवायची, तरी हा ढिम्म. मी पण त्याला सोडत नव्हतो. एकदा म्हणालो, इंगळे, तू फौजेत आलास की आराम करायला? तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, डिझेल नसलं त तुमी गाडी काढता का? मंग मले काहून काढता?" त्याच्या गाडीला सहा वर्षांत ओरखडा नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं नाही.

ऑक्टोबरात कळलं की कमांडर साहेब इन्स्पेक्शनला येणार. फौजेत नोकरी केलेल्या माणसाला इन्स्पेक्शन म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तुमच्यासाठी सांगतो. टायरला काळं पॉलिश. चाकाच्या नटांना लाल रंग. रस्त्याच्या कडेच्या दगडांना चुना. प्रत्येक गाडीपुढे ताडपत्री अंथरून तिच्यावर पाने, जॅक, साखळ्या एका दोरीत मांडायच्या. मागच्या वर्षी एमटीत आमची कंपनी दुसरी आली होती. ते मला झोंबलं होतं. यंदा पहिला नंबर पाहिजे म्हणजे पाहिजे, असं मी ठरवलं आणि ड्रायव्हरांना कामाला जुंपलं. पहिल्या रात्री ते दोन तास झोपले, दुसऱ्या रात्री अजिबात नाही. मी त्यांच्यासोबत उभा होतो, म्हणून मला वाटायचं की मी काही चूक करत नाही.

सकाळी दहाला कमांडर साहेब आले. आमच्या गाड्यांपुढून चार मिनिटांत चालत गेले. "गुड शो," म्हणाले. पहिला नंबर मिळाला. दुपारी मांडलेलं सामान परत गाड्यांत भरता भरता मी सगळ्यांना जिलेबी वाटली.

संध्याकाळी पाचला हुकूम आला. हवामान खात्याचा इशारा होता, परवापासून बर्फ. उद्या पहाटे पाचला बारा गाड्यांचा कॉन्व्हॉय निघणार, केरोसीन घेऊन. आमच्या कंपनीच्या मेजर साहेबांनी ऑर्डर ग्रुपमध्ये, म्हणजे हुकूम द्यायच्या बैठकीत, सगळ्यांसमोर मला विचारलं, "वानखडे, ड्राइवर रेस्टेड हैं?"

मी म्हणालो, "यस सर."

हे दोन शब्द मी कसे बोललो, याचा मी फार विचार केला आहे. मी खोटं बोलतोय असं मला वाटलंच नाही. साहेबांनी विचारलं, हवालदाराने "यस सर" म्हटलं, एवढंच. मी "नो सर" म्हणालो असतो तर शेजारच्या कंपनीचे ड्रायव्हर मागवता आले असते. ते दोन दिवस मोकळे होते. पण ज्या दिवशी माझी एमटी पहिली आली, त्याच दिवशी मी दुसऱ्यांचे ड्रायव्हर मागू? नाक कापल्यासारखं वाटलं असतं मला.

बॅरल चढवणं सुरू झालं. इंगळे माझ्याजवळ आला. आवाज खाली करून वऱ्हाडीत बोलला, म्हणजे दुसऱ्यांना कळू नये. "भाऊ, मले उद्या को-ड्रायवर म्हनून बसवा. डोये उघडे राहूनच नाही राहिले."

मी म्हणालो, "फौजेत आला का सासुरवाडीले?"

तो हसला. लगेच बॅरल ढकलायला गेला. बॅरल चढवून, टायर-ब्रेक तपासून ते आडवे झाले तेव्हा उठायला तीन तास उरले होते. त्याआधी मी रोस्टर भरलं. सात नंबरची गाडी, नायक इंगळे, रेस्ट आठ तास. खाली सही.

पाचला निघालो. सगळ्यात पुढे सुबेदार साहेब, शेवटच्या गाडीत मी. रेडिओ सेट तीन ठिकाणी: पुढे, मागे आणि आठव्या नंबरच्या अँब्युलन्समध्ये. सव्वानऊला खिंड ओलांडली. सगळ्यात वाईट वळणं मागे पडली. साडेदहाला चहाचा हॉल्ट झाला. इंगळेने दोन मग चहा प्याला आणि झऱ्याच्या गार पाण्याखाली मान धरली. मी पाहत होतो. त्याचा को-ड्रायव्हर बलबीर, हरियाणाचा, बॉनेटला टेकून उभ्या उभ्या डुलक्या घेत होता. तेव्हाही कॉन्व्हॉय अर्धा तास थांबवून सगळ्यांना झोपवता आलं असतं. मी घड्याळ पाहिलं आणि शिट्टी मारली.

अकरा चाळीसला रेडिओ वाजला. स्वच्छ ऊन होतं, रस्ता सरळ होता.

"सात नंबर रोड छोड़ गया. ओव्हर."

"रिपीट करो. ओव्हर."

"सात नंबर नीचे नाले में है. ओव्हर."

मी धावत गेलो. रस्त्यावर ब्रेकचा एकही डाग नव्हता. गाडी अगदी सरळ रेषेत कडेवरून खाली गेली होती. दोर बांधून उतरलो. बलबीर बाहेर फेकला गेला होता, मांडीचं हाड मोडलेलं. तो मला पाहून रडायला लागला. "उस्ताद, मैं भी सो गया था. मैं भी सो गया था." इंगळे स्टिअरिंगवरच होता. त्याला काढायला दीड तास लागला. त्याचा चेहरा शांत होता. मी तो रोज नऊनंतर खाटेवर पाहत आलो होतो, तसाच. मला ते सहन झालं नाही. मग वर येऊन दोघांना अँब्युलन्समधून मागे पाठवलं आणि उरलेल्या दहा गाड्या पुढे नेल्या, कारण वरच्यांना केरोसीन पाहिजे होतं. या वेळी मात्र आधी सगळ्यांना तीन तास झोपवलं आणि पहारा मी दिला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. चौकशीच्या आदल्या दिवशी सुबेदार साहेबांनी मला बाजूला घेतलं. भला माणूस, माझ्या भल्याचंच सांगत होता. म्हणाला, इंगळे तर गेला. रोस्टरमध्ये आठ तास लिहिलेत, ड्रायव्हरला डुलकी लागली, त्याचा निष्काळजीपणा, विषय संपला. तुझं नायब सुबेदारचं प्रमोशन तोंडावर आलंय, तू कशाला बुडतोस?

म्हणजे आता एकच प्रश्न उरला होता. कागदावर चूक कोणाच्या नावाने लागणार? इंगळे काही सांगायला येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी रोस्टर माझ्यासमोर ठेवलं गेलं. अध्यक्ष दुसऱ्या युनिटचे मेजर साहेब होते, त्यांनी विचारलं, ही सही तुमची?

"जी साहब. और ये एंट्री झूठी है. तीन रात में ये आदमी पाँच घंटे सोया है. इसने मुझसे कहा था, को-ड्राइवर बनाकर बिठाओ. मैंने मना किया."

खोलीत टाइप करणाऱ्या क्लार्कचा हात थांबला. साहेबांनी मला विचार करायला वेळ पाहिजे का, असं विचारलं. मी नको म्हणालो. निकालात इंगळेला दोष लागला नाही. मला सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे कडक लेखी ताकीद मिळाली, प्रमोशन गेलं, हवालदार म्हणूनच पेन्शनीत निघालो. योग्यच झालं.

चौकशीमुळे शवपेटीसोबत मला पाठवलं नव्हतं. पाच महिन्यांनी रजा मिळाली तेव्हा अमरावतीहून अकोला आणि अकोल्याहून पातूर, अशा दोन एसट्या बदलून गेलो. इंगळेची बायको रेखाताई दारात गहू निवडत होती. मी नाव सांगितलं. तिने पाट दिला, पाणी दिलं. तिच्या घरात चौकशीच्या निकालाचा कागद पोचला होता, पण गावात कागद कोण वाचतो? गावात एकच गोष्ट फिरत होती की इंगळे गाडी चालवताना झोपला अन् मेला. त्याच्या झोपेची सवय सगळ्यांना माहीत, त्यामुळे लोकांना ती लगेच पटली. पानटपरीवर तिच्या दिराला कोणीतरी म्हणालंही होतं की सरकारची गाडी घातली खड्ड्यात तुमच्या भावानं.

मी सगळं सांगितलं. पॉलिश, चुना, जिलेबी, सासुरवाडी. काही वगळलं नाही. ती ऐकत होती, हात सुपावर तसाच.

मग म्हणाली, "घरी सुट्टीवर आले अन् झोपले, त मी पोरीले बी आवाज करू देत नोती. अन् तुमी त्यायले तीन रात्री उभं ठेवलं. टायर चमकवाले."

मी मान खाली घातली. म्हणालो, माफी मागायला आलोय.

"माफी मी नाही देत. मले इथं बसून सांगतलं, त्याचा काय उपयोग? मले त माहीतच होतं का त्यायची चूक नसन. लोकायले सांगा."

ती उठली. डोक्यावर पदर घेतला आणि मला घेऊन थेट बसस्टँडसमोरच्या त्या पानटपरीवर आली. दिवसाउजेडी, भर बाजाराच्या दिवशी. तिथे वीस-पंचवीस माणसं असतील. शत्रूसमोर जेवढी भीती वाटली नाही तेवढी मला त्या टपरीसमोर वाटली. मी सावधानमध्ये उभा राहिलो. नाव, रँक सांगितलं. मग म्हणालो, सुधाकर इंगळे झोपाळू होता म्हणून मेला नाही. त्याला मी झोपू दिलं नाही, म्हणून मेला. त्याने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

एका म्हाताऱ्याने टोपी काढली. रेखाताई म्हणाली, आता जा. अन् जिथं जासान तिथं सांगजा.

तो मी हुकूम समजतो. सध्या अमरावतीत एका शाळेच्या बसगाड्यांवर सुपरवायझर आहे. सकाळी ड्रायव्हर आला की "फिट?" असं मी विचारत नाही. किती वाजता झोपलास, किती वाजता उठलास, मधे कशाला उठलास, हे विचारतो. मागच्या हिवाळ्यात पंजाबराव नावाचा ड्रायव्हर लाल डोळ्यांनी आला. पोरगी दवाखान्यात होती, रात्रभर जागा होता, तरी म्हणे, चालते साहेब, सवय हाय. मी किल्ली काढून घेतली, त्याला ऑफिसच्या बाकावर झोपवलं आणि बस स्वतः काढली. शाळेत बारा मिनिटं उशीर झाला. मुख्याध्यापकांनी सुनावलं. मी ऐकून घेतलं आणि सांगितलं की उद्याही तो झोपलेला नसला तर उद्याही उशीर होईल. आता चार ड्रायव्हर स्वतःहून सांगतात, साहेब, आज नको. मला त्यांचा अभिमान वाटतो. "आज नको" म्हणायला किती छाती लागते, हे मला विचारा.

माझी स्वतःची झोप मात्र त्या नाल्यात गेली ती लवकर आली नाही. बीपी वाढलं, चिडचिड वाढली, बायको म्हणायची घरात वावरणं मुश्कील केलंत. अकोल्याचे एक डॉक्टर म्हणाले, हवालदार साहेब, झोप ही पण ड्युटी समजा, वेळेवर हजर व्हा. ते मला कळलं. संध्याकाळचा चहा बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत, दहाला दिवा बंद. दोन वर्षं लागली. आता बीपीची गोळी अर्धी झाली आहे.

मागच्या महिन्यात इथल्या एका अभ्यासिकेत मला भाषणाला बोलावलं. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी. डोळ्यांखाली काळं, हातात चहाचे कप. एक मुलगी उभी राहिली. सर, मी चार तास झोपते, ते तीनवर आणायचं आहे, फौजी लोक झोपेवर विजय कसा मिळवतात? पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी तिला म्हणालो, बेटा, मी मिळवला होता. आणि इंगळेची सगळी हकीकत सांगितली. संपल्यावर तिने विचारलं, सर, त्यांचं पूर्ण नाव काय?

मी फळ्यावर लिहिलं. नायक सुधाकर महादेव इंगळे, राहणार पातूर, जिल्हा अकोला. सहा वर्षं गाडीला ओरखडा नाही. त्याने झोप मागितली होती.